फक्त तुझाच, फक्त तुझीच : महाविद्यालयीन प्रेमातील शपथेची चिकित्सा

गेल्या वर्षी एक विद्यार्थी माझ्या घरी आला. मी सेवानिवृत्त होऊन बरीच वर्षे झाली, तरी मुले येतात. कुणाला पुस्तक हवे असते, कुणाला भाषण तपासून हवे असते. हा मुलगा १४ एप्रिलच्या सभेत बोलतो आणि चांगले बोलतो. त्या दिवशी त्याच्याबरोबर त्याच्या वर्गातली एक मुलगी होती. मुलगा बौद्ध, मुलगी मातंग समाजातली. दोघांच्याही घरी विरोध होता आणि तरीही दोघांनी एकमेकांना शब्द दिला होता. मला त्यांचे कौतुक वाटले. चहा झाल्यावर तो म्हणाला, "सर, तुम्हीच सांगा हिला. शब्द दिल्यावर वर्गातल्या दुसऱ्या पोरांशी कशाला बोलायचं? मोबाइलचा पासवर्ड मागितला तर तोही देत नाही." मुलगी खाली बघून म्हणाली, "शब्द मी ह्याला दिला, सर. मोबाइल नाही दिला. मोबाइल माझ्या मायनं कापूस वेचून घेऊन दिलाय."

मी हसलो. म्हणालो, "देऊन टाक की. लपवायचं काय त्यात?"

ती गप्प झाली. नंतर तो दोन-तीनदा आला, ती आली नाही. माझ्या त्या हसण्यावर मी पुष्कळ विचार केला आहे आणि हा लेख त्या विचारातून आला आहे. आपल्या नियतकालिकांतून जातीची चिकित्सा झाली, धर्माची झाली, सौंदर्यशास्त्राची झाली. प्रेमाची मात्र आपण एक तर स्तुती केली किंवा तो मध्यमवर्गीय विषय म्हणून बाजूला सारला. वास्तविक महाविद्यालयातला तरुण पहिला सामाजिक करार करतो तो मतपेटीपाशी नव्हे, तर या ठिकाणी. 'मी फक्त तुझा', 'मी फक्त तुझी' हा तो करार आहे. तो कुणाला बांधतो, कुणाला मोकळे सोडतो आणि कुणाच्या साक्षीने होतो, हे तपासले पाहिजे.

प्रथम या कराराचे रीतिरिवाज पाहू. आपल्या महाविद्यालयांतून ते कुणी लिहून ठेवलेले नाहीत, पण ते सर्वांना ठाऊक आहेत. मुलगा मुलीला विचारतो. मुली क्वचितच विचारतात. तिने 'हो' म्हटले की ही गोष्ट त्या दोघांची राहत नाही. मुलाचे मित्र तिला 'वहिनी' म्हणू लागतात. हा शब्द कौतुकाचा वाटतो, आणि म्हणणाऱ्याच्या मनात बहुधा कौतुकच असते. परंतु त्याचे कार्य वेगळे आहे. आपल्या नातेव्यवस्थेत वहिनी म्हणजे भावाच्या नावावर जमा झालेली स्त्री. एका मुलीला वहिनी म्हटले की वर्गातल्या इतर मुलांना सूचना मिळते की इकडे पाहायचे नाही. शब्द तिने दिला एका मुलाला, पहारा मात्र दहा जणांचा बसतो. उलट बाजूने पाहा. मुलीच्या मैत्रिणी त्या मुलाला 'भाऊजी' किंवा 'जिजू' म्हणतात, पण त्यामुळे त्याचे येणेजाणे, बोलणेचालणे आखडल्याचे मी पाहिलेले नाही.

दुसरी रीत राखीची. ज्या मुलाला मुलीला नकार द्यायचा आहे त्याला ती राखी बांधते, 'मानलेला भाऊ' करते. कारण मुलाला भाऊ किंवा प्रियकर याखेरीज तिसरी जागाच आपल्या समाजाने ठेवलेली नाही. मित्र ही जागा रिकामी आहे. साधा नकार उच्चारता येत नाही, म्हणून तिला नात्याचे कवच घ्यावे लागते.

तिसरी रीत आडनावाची. प्रेम आंधळे असते असे म्हणण्याचा प्रघात आहे, पण आपल्या महाविद्यालयातले प्रेम डोळस असते. ते आधी पूर्ण नाव विचारते. हजेरीपटात, शिष्यवृत्तीच्या यादीत, सूचनाफलकावर ते नाव शोधते. नाव जुळले तर 'लग्नाचे बघू', न जुळले तर 'टाइमपास'. आणि या दोहोंच्या मध्ये एक चमत्कारिक करार आहे, जो मी अनेक पिढ्यांत पाहिला : लग्न घरचे ठरवतील तिथेच होईल, परंतु तोपर्यंत तू फक्त माझा. म्हणजे ही एकनिष्ठा मुदतीची आहे, आणि मुदत संपल्याचे जाहीर करण्याचा अधिकार दोघांकडेही नाही, घराकडे आहे.

या कराराशी माझा स्वतःचा संबंध जुना आहे. १९७७ साली मी मराठवाड्यातील एका शहरात वसतिगृहात राहून शिकत होतो. माझे अक्षर बरे होते, चार पुस्तके वाचलेली होती. त्यामुळे खोलीतली मुले माझ्याकडून पत्रे लिहून घेत. मोबदला म्हणून एक कप चहा, महिनाअखेर नसेल तर भजी. मी न पाहिलेल्या मुलींना मी जन्मोजन्मीची वचने दिली आहेत. ती वचने मी आणली कुठून? आमच्या वस्तीत असे कुणी बोलत नव्हते. माझ्या आईने वडिलांना आयुष्यात एकदाही असे वाक्य ऐकवले नसेल; ती त्यांच्याबरोबर खडी फोडत होती. ती वचने मी कादंबऱ्यांतून उचलली होती.

त्या मित्रांपैकी एकाचे प्रेम सवर्ण मुलीवर होते आणि तिचेही त्याच्यावर होते, याबद्दल मला आजही शंका नाही. तिने त्याच्याकडून वचन घेतले होते की तो दुसऱ्या मुलीशी बोलणार नाही, आणि तो बोलत नव्हता. आमच्याच वस्तीतल्या, आमच्याच वर्गातल्या मुलीशीही नाही. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने केला आणि मराठवाडा पेटला. आमच्या लोकांची घरे जळली, माणसे मारली गेली. महिन्याभराने त्याची सगळी पत्रे परत आली. वहीच्या कागदात गुंडाळलेली, एकही चिठ्ठी नाही. सगळी माझ्याच अक्षरातली होती. तो मला एवढेच म्हणाला, "शपथ दोघांची होती ना रे?"

त्या मुलीला मी दोष देत नाही. तिचे भाऊ होते, घर होते. तिच्यावर काय गुदरले ते आम्हाला कधीच कळले नाही. परंतु मित्राचा प्रश्न राहिला. शपथ दोघांची होती, मग ती एका ठरावाने कशी सुटली? याचे उत्तर असे की, त्यांच्या शपथेच्या खाली एक जुनी शपथ आधीच घातलेली होती.

ती जुनी शपथ कोणती, हे बाबासाहेबांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात, गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात वाचलेल्या निबंधात दाखवून दिले आहे. भारतातील जातींची यंत्रणा, उत्पत्ती आणि विकास हा त्या निबंधाचा विषय. जातीचे सार जातीअंतर्गत विवाहात आहे, हा त्यातला सिद्धांत आपण सर्व जण सांगतो. परंतु त्यापुढचा भाग आपण पुरेसा वाचत नाही. जात बंदिस्त ठेवायची तर जातीतील स्त्री-पुरुषांची संख्या जुळती ठेवावी लागते. नवरा मेला की स्त्री 'अतिरिक्त' होते, बायको मेली की पुरुष 'अतिरिक्त' होतो. अतिरिक्त स्त्रीला जाळायचे किंवा सक्तीचे वैधव्य द्यायचे. अतिरिक्त पुरुषाला मात्र जाळता येत नाही, म्हणून त्याला लहान वयाची मुलगी द्यायची. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह यांचा उगम बाबासाहेब या हिशेबात पाहतात. याचा अर्थ असा की, 'फक्त तुझीच' ही शपथ या देशात व्यक्तीने व्यक्तीला दिलेली नाही. ती जातीने स्त्रीकडून घेतली आहे आणि जन्मापूर्वी घेतली आहे.

पुरुषाकडून ती घेतली गेली नाही, हे कायद्याच्या इतिहासातही दिसते. मुंबई प्रांतात १९४६ साली द्विभार्या प्रतिबंधाचा कायदा झाला आणि देशभरातील हिंदू पुरुषावर एकपत्नीत्वाचे बंधन आले ते १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने. तोवर कायद्याने एकनिष्ठा ही फक्त बायकोची जबाबदारी होती. हिंदू कोड बिल रखडले म्हणून १९५१ साली बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडले, ही घटना आपण त्यागाची म्हणून सांगतो. ती प्रेमाच्या इतिहासातलीही घटना आहे, हे महाविद्यालयात कुणी सांगत नाही.

आता साहित्याकडे येतो, कारण माझ्या पत्रांचा उगम तिथे होता. ना. सी. फडके यांच्या पिढीने मराठीत जी प्रणयकथा रूढ केली तिच्यातली माणसे सुशिक्षित, पांढरपेशी आणि बहुधा निश्चिंत आहेत. त्यांच्या प्रेमातले अडथळे गैरसमजाचे, त्यागाचे, तिसऱ्या व्यक्तीचे. सुहास शिरवळकरांची 'दुनियादारी' १९८२ ची. तिने कादंबरी पुण्याच्या कट्ट्यावर आणली, बोलीत आणली. तिची जिवंतता मी नाकारत नाही. २०१३ साली तिच्यावर चित्रपट निघाला तेव्हा नव्या पिढीने तो डोक्यावर घेतला. पण त्या कट्ट्यावर मी शोधतो तो मुलगा मला दिसत नाही : शिष्यवृत्तीची रक्कम अजून आली नाही म्हणून खानावळवाल्याला चुकवणारा. या वाङ्मयाने आपल्या तरुणांना शपथेची भाषा दिली, पण शपथ मोडणारी सामाजिक शक्ती दाखवली नाही. म्हणून आमच्या वसतिगृहातला मुलगा प्रेमभंग झाला की स्वतःला किंवा त्या मुलीला दोष देत असे. जातीला दोष द्यायला ती कादंबरी शिकवत नव्हती.

नागराज मंजुळे यांच्या 'सैराट'ने २०१६ साली ही शक्ती पडद्यावर आणली. पाटलाची आर्ची आणि मासेमारी करणाऱ्या कुटुंबातला परश्या. ज्या महाविद्यालयात ते भेटतात तेथे पाटलाचा मुलगा वर्गात शिकवणाऱ्या लोखंडे सरांच्या कानाखाली मारतो आणि त्याचे घरी कौतुक होते. ज्या आवारात शिक्षकाच्या अंगाला सुरक्षितता नाही, तेथे प्रेमिकांच्या शब्दाला काय किंमत असणार, हे त्या एका प्रसंगाने सांगितले. शेवटाबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. मला थांबावेसे वाटते ते मधल्या भागापाशी. दोघे पळून हैदराबादला जातात, काम करतात, संसार उभा करतात. आणि तिथे, जात मागे टाकल्यानंतर, परश्या आर्चीवर संशय घेतो. ती कुणाशी बोलते, का हसते. तो हात उचलतो. ती त्याला सोडून निघते आणि पुन्हा परतते.

आपल्याकडील चर्चेत हा भाग 'तरुण संसारातली कुरबूर' म्हणून सोडून दिला गेला. मला तो चित्रपटाचा गाभा वाटतो. पाटलाच्या वाड्यातून आर्ची सुटली ती कशातून? तिने कुणाशी बोलावे हे बाप आणि भाऊ ठरवत होते, त्यातून. भाड्याच्या खोलीत तोच प्रश्न तिच्यापुढे पुन्हा आला आणि तो विचारणारा त्या वाड्याने ज्याला मारायला माणसे पाठवली तो मुलगा होता. दिग्दर्शकाने परश्याला झाकले नाही, हे त्याचे धैर्य. पीडित माणूस पीडित आहे म्हणून स्त्रीच्या बाबतीत आपोआप न्यायी होत नाही, ही गोष्ट आपल्या कलाकृतींनी सांगितली पाहिजे आणि आपल्या समीक्षेने ती पाहिली पाहिजे.

आपल्या बायकांनी ती फार आधी सांगितली आहे. मलिका अमर शेख यांचे 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' १९८४ चे. चळवळीच्या ऐन भरात, धर्माच्या भिंती ओलांडून एका मोठ्या कवीशी केलेल्या प्रेमविवाहाची ती हकीकत आहे आणि त्या विवाहात एकनिष्ठेचा भार कुणावर पडला याचा जाब आहे. ते पुस्तक आले तेव्हा आमच्यापैकी अनेकांनी ते चळवळीच्या बदनामीचे म्हणून दूर ठेवले. मीही त्यांपैकी एक होतो. आज वाटते, आम्ही तेव्हा ते नीट वाचले असते तर गेल्या वर्षी मी त्या मुलीसमोर हसलो नसतो.

कुमुद पावडे यांचे 'अंतःस्फोट' १९८१ चे. त्यांनी आंतरजातीय विवाह केला होता. संस्कृतमध्ये पारंगत असूनही त्यांना नोकरी मिळाली ती लग्नानंतर, सोमकुवर हे नाव जाऊन पावडे हे नाव लागल्यावर. श्रेय विद्येचे नव्हे, नव्या आडनावाचे, हे त्यांनी कडवटपणे नोंदवले. आंतरजातीय विवाह हा जातीवरचा खरा उपाय, असे १९३६ च्या जातिनिर्मूलनाच्या भाषणात बाबासाहेब म्हणतात. ते खरेच आहे. परंतु त्या विवाहातही स्त्री एका नावातून दुसऱ्या नावात जमा होत असेल, तर जात हादरते आणि मालकी शाबूत राहते. पावडे यांचा अनुभव आपल्याला हे शिकवतो.

इतके झाल्यावर कुणी म्हणेल, मग शपथ घ्यायचीच नाही काय? एकनिष्ठा हे बंधन आहे म्हणून ती टाकून द्यायची काय? नाही. माझे म्हणणे तसे नाही. शपथ टाकून दिली तर कोण मोकळे होते हे आपल्याला ठाऊक आहे. शरणकुमार लिंबाळे यांनी १९८४ साली 'अक्करमाशी' लिहिले. पाटलाने आमच्या बाईला कधी शब्द दिला नव्हता आणि म्हणून त्याला कधी काही मोडावेही लागले नाही. वचन नसलेला संबंध हा या गावगाड्यात बलवानाच्या सोयीचा असतो. म्हणून आपल्याला वचन हवे. फक्त ते दोन्हीकडून सारखे असले पाहिजे, ज्याने दिले त्याला ते परत घेता आले पाहिजे, आणि ते पाळले जाते की नाही हे पाहायला पहारेकरी नकोत.

अशा वचनाची परंपरा आपल्याकडे आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापन केला आणि भटाशिवाय लग्ने लावली. त्यांच्या विवाहविधीत वधू नुसती उभी राहत नाही. स्त्रियांच्या हक्कांविषयी ती वराकडून वचन मागते आणि वर ते चारचौघांत देतो. जुलै १९४२ मध्ये नागपूरला दलित महिलांच्या परिषदेत बाबासाहेबांनी सांगितले की लग्न झालेल्या मुलीने नवऱ्याची मैत्रीण म्हणून, बरोबरीने उभे राहावे आणि त्याची गुलाम होण्यास नकार द्यावा. वर मी म्हटले की आपल्या समाजात 'मित्र' ही जागा रिकामी आहे. बाबासाहेबांनी ती १९४२ सालीच दाखवली होती. ती भरण्याऐवजी आपण 'वहिनी' म्हणत बसलो.

याउलट प्रस्थापित व्यवस्था शपथा कशा घेते पाहा. फेब्रुवारी २०२० मध्ये, व्हॅलेंटाइन डेच्या सुमारास, अमरावती जिल्ह्यातील चांदूर रेल्वे येथील एका महिला महाविद्यालयाच्या शिबिरात मुलींना रांगेत उभे करून प्रेमविवाह न करण्याची शपथ देण्यात आली. त्या शपथेत हुंडा घेणाऱ्याशी लग्न न करण्याचाही भाग होता आणि तो स्तुत्यच आहे. परंतु काही दिवसांपूर्वीच हिंगणघाटला एका तरुण प्राध्यापिकेला एकतर्फी प्रेमातून पेटवण्यात आले होते. पेटवणारा पुरुष होता. शपथ मुलींना दिली गेली. नकार सहन करण्याची शपथ मुलांना कुठल्या महाविद्यालयात दिली गेली, हे मला कुणी दाखवावे.

आणि जेथे प्रेमाचा शब्दही उच्चारला गेला नव्हता, तेथे काय झाले? २८ एप्रिल २०१४ रोजी नगर जिल्ह्यातील खर्डा येथे १७ वर्षांच्या नितीन आगेला मारण्यात आले. सवर्ण मुलीशी तो बोलतो, हा त्याचा अपराध. २०१७ साली न्यायालयातून आरोपी निर्दोष सुटले. आपली मुले प्रेमाची शपथ घेतात तेव्हा त्यांच्यामागे हा इतिहास उभा असतो. ज्याच्या जिवाला धोका आहे त्याचा शब्द आणि ज्याच्या फक्त प्रतिष्ठेला धोका आहे त्याचा शब्द, हे दोन शब्द एका वजनाचे नाहीत.

म्हणून कार्यकर्त्यांना आणि शिक्षकांना माझे सांगणे आहे. प्रेम करणाऱ्या मुलांना आपण साक्षीदार म्हणून हवे आहोत, पहारेकरी म्हणून नव्हे. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात ३० दिवसांची नोटीस लागते आणि ती कार्यालयात लावली जाते. त्या ३० दिवसांत जोडपे कुठे राहणार, याची सोय आपल्या गावात कोण करतो? सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली शक्ती वाहिनी खटल्याच्या निकालात अशा जोडप्यांसाठी जिल्ह्याजिल्ह्यांत विशेष कक्ष असावेत, सुरक्षित निवाऱ्याचा विचार व्हावा असे राज्यांना निर्देश दिले. आपल्या जिल्ह्यात तो कक्ष कोणत्या खोलीत बसतो, तेथे कोण भेटते, हे आपल्यापैकी कितींना ठाऊक आहे? जयंतीच्या वर्गणीचा हिशेब आपल्याला तोंडपाठ असतो. हाही असला पाहिजे. आणि बौद्ध-मातंग, बौद्ध-चर्मकार अशी मुले जेव्हा एकमेकांना शब्द देतात तेव्हा आपल्याच घरांतून जी कुजबुज सुरू होते, तिला जातीचेच नाव द्यावे लागेल.

त्या मुलाला मी अलीकडे बोलावून घेतले. त्याला १९१६ चा निबंध वाचायला दिला आणि म्हणालो की तुझ्या भाषणात जातीच्या कुंपणाचा उल्लेख येतो, तो खरा आहे. पण त्या मुलीभोवती तू जे घालतो आहेस त्याला काय म्हणायचे? तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "सर, मला भीती वाटते. ती गेली तर?"

हे उत्तर मला खोटे वाटले नाही. आपल्या मुलांना सोडून जाणाऱ्यांचा अनुभव पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. परत आलेल्या पत्रांचा गठ्ठा मी स्वतः पाहिला आहे. परंतु त्या भीतीवर पासवर्ड हा उपाय नाही. जी जाऊ शकते आणि तरी राहते, तिच्याच राहण्याला शब्द पाळणे म्हणतात. जिला जाताच येत नाही तिने काहीही पाळलेले नसते. मी त्याला एवढेच सांगितले. आणि तिला निरोप द्यायला सांगितला, की सर त्या दिवशी चुकले. मोबाइल तुझ्या मायच्या कष्टाचा आहे, तो तुझाच.

तो निरोप पोचला की नाही, ठाऊक नाही. म्हणून येथे लिहून ठेवला आहे.